मशीन बरोबर आहे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि लिहिताना मला मध्येच थांबता येतं. बोलताना थांबलो की समोरचा विचारतो, मग पुढे? आणि मग मी भलतंच काहीतरी सांगून मोकळा होतो. असं दोनदा झालेलं आहे.

नोकरीची सगळी वर्षं मी सुरतेतल्या एका दैनिकाच्या डेस्कवर काढली. डेस्कवरचा माणूस बातमी आणत नाही, आलेली तपासतो. नाव बरोबर आहे का, गाव त्याच तालुक्यात आहे का, जखमींचा आकडा वर एक आणि खाली दुसरा तर नाही ना. या कामाने एक खोड लागते. चुकीचा आकडा डोळ्यांत खुपतो. ऑफिसात माझी ओळख तीच होती आणि घरातही तीच झाली. कुणाला ताप आला तर थर्मामीटर माझ्या हातात देतात. दुसऱ्याने वाचलेला ताप आमच्याकडे धरत नाहीत. हे आधी सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते या ओळखीमुळेच होऊ शकलं.

बापू माझा धाकटा भाऊ. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण घरात आणि मार्केटात सगळे बापूच म्हणतात. आम्ही मूळचे शिरपूरकडचे. वडील इथे मिलमध्ये कामाला आले आणि आम्ही सुरतेतच वाढलो. मी नोकरीला लागलो, बापूने साड्यांच्या लेसचा व्यापार धरला. पर्वत पाटियाजवळच्या एका मार्केटात त्याचं दुकान आहे. माझ्याशी तो अजूनही अहिराणी बोलतो, गिऱ्हाइकांशी गुजराती, मुलीशी हिंदी, आणि चिडला की तिन्ही एकदम. बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही. राहवत नसे, असं लिहायला हवं.

पण आधी मशीनचं सांगतो. ते कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

घरात सायकल चालवायचा ट्रेनर तुम्ही कदाचित पाहिला नसेल. लोखंडी स्टँड असतो. आपलीच सायकल मागच्या चाकाच्या आसाशी धरून त्यात अडकवायची. चाक जमिनीला लागत नाही. त्याला एक रोलर टेकतो, आणि तो एका मुठीने पिळून टायरवर दाबून बसवायचा असतो. आपण पॅडल मारायचं, चाकाने रोलर फिरवायचा, रोलरने अडवायचं — आणि समोर मोबाइलवर आकडा दिसतो. पाय किती जोर लावताहेत, वॉटमध्ये. बल्बवर लिहिलेला असतो तोच वॉट.

आता मेख अशी की माझ्याकडचं मशीन हा जोर थेट मोजत नाही. ते चाकाचा वेग बघतं आणि त्यावरून जोराचा अंदाज बांधतं. त्यासाठी टायर आणि रोलरच्या घासण्यात किती जोर वाया जातो हे त्याला ठाऊक असावं लागतं. म्हणून ते त्याला शिकवायचं. टायरमध्ये ठरलेली हवा भरायची, मूठ ठरलेले फेरे पिळायची, टायर गरम होईपर्यंत चालवायचं, मग वेग घेऊन पाय थांबवायचे आणि चाक आपोआप थांबू द्यायचं. चाक लवकर थांबलं तर मशीन समजतं, इथे घासणं फार आहे, या माणसाची बरीच मेहनत त्यातच जाते. मग तेवढी मेहनत ते आकड्यात मिळवून देतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते एकदा केलं की नंतर हवा आणि मूठ हलवायची नाही. हलवली की आकडा हलतो. पाय तेच, आकडा दुसरा.

एकदा टायरची हवा उतरली होती आणि माझ्या लक्षात आलं नाही. तशाच नरम टायरवर मी कॅलिब्रेशन केलं. चाक चटकन थांबलं. नंतर अंगठ्याने दाबून पाहिलं तेव्हा कळलं, हवा भरली — आणि पुन्हा कॅलिब्रेशन करायचा कंटाळा केला. बसलो, पॅडल मारायला लागलो, तर एरवी दीडशे दाखवणारं मशीन एकशे ऐंशी दाखवत होतं. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. मी डेस्कवरचा माणूस. न कळून कसं चालेल?

आणि तरी मी ते तसंच ठेवलं.

का ठेवलं? आमचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी पहाटे डुमसच्या रस्त्याला, थंडीत कधी चलथाणवरून बारडोलीपर्यंत. त्यातले बहुतेक जण माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. रस्त्यावर मी मागे पडायला लागलो होतो. चलथाणच्या साखर कारखान्याचा वास येईपर्यंत बाकीचे दिसेनासे झालेले असायचे. पुढे कुठल्यातरी टपरीवर ते चहा संपवून माझी वाट बघत बसलेले — आणि मी पोचलो की सगळे फार आदराने उठायचे. तो आदर मला सोसवत नव्हता. उन्हाळ्यात ग्रुपवर प्रत्येक जण घरच्या ट्रेनरवरच्या आकड्याचा फोटो टाकतो. मी माझा टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, 'काका ने तो आग लगा दी.' मी ते वाचलं, मोबाइल पालथा ठेवला, थोड्या वेळाने उचलून पुन्हा वाचलं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? थोडी फुशारकी. हो, इथपर्यंत तेवढंच होतं.

त्यानंतर बापूला अटॅक आला. दुकानात, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. वेळेवर नेलं, हृदयाच्या नळ्यांमध्ये दोन जाळ्या बसवल्या. काही आठवड्यांनी हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी त्याला व्यायाम आखून दिला. त्या म्हणाल्या, तुमच्या गोळीमुळे ठोके वाढतच नाहीत, तेव्हा नाडीवर जाऊ नका. सायकलचे वॉट बघा आणि बोलणं बघा. पॅडल मारता मारता गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटायला लागलं की भार जास्त झाला असं समजा.

"बोलणं तं मना धंदाच शे, मॅडम," बापू म्हणाला. बाईंना अहिराणी कळली नसावी, पण त्या हसल्या.

घरी ट्रेनर कुणाकडे आहे? भाऊकडे. आकडा बघायला कोण बसेल? भाऊच. कुणी मला विचारलंसुद्धा नाही, इतकं ते उघड होतं. बापू दुकान उघडण्याआधी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी माझ्याकडे अडाजणला यायचा. सायकलवर चढायचा आणि उतरेपर्यंत बोलायचा. कुठल्या पार्टीने माल परत पाठवला, शेजारच्या दुकानदाराने नवी गाडी कशी घेतली, सासऱ्यांचा गुडघा. मी समोर खुर्ची टाकून आकडा बघायचो. साठ वॉटपासून सुरुवात झाली. बाई दर भेटीला थोडे वाढवून द्यायच्या. ऐंशी, शंभर, एकशे वीस — होता होता तो दीडशेवर आला, आणि दीडशेवरसुद्धा सासऱ्यांचा गुडघा चालूच होता. दीडशे सहज जमायला लागले की भाऊबरोबर सपाट रस्त्याने सायकल काढायला हरकत नाही, असं बाईंनी सांगितलं. बापूने ते मार्केटभर सांगितलं.

मशीन तेव्हाही फुगलेलेच आकडे दाखवत होतं. दीडशे दाखवायचं तेव्हा बापूचे पाय खरे सव्वाशेच्या आसपास देत होते. मला हे माहीत होतं. त्या काळात मला त्याची भीती वाटली नाही, कारण त्यात धोका नव्हता. नीट बघा — आकडा खोटा होता, पण रोज सारखाच खोटा होता. बाई चढवत होत्या ती शिडी त्याच आकड्यांची होती. पायऱ्या थोड्या बुटक्या होत्या, एवढंच. त्याला आकडा खरा असण्याची गरज नव्हती. तोच राहण्याची गरज होती.

मग ग्रुपमधल्या हेमंतभाईंनी नवी पॅडल घेतली. या पॅडलमध्येच मीटर असतं. पायाचा जोर ती थेट मोजतात, टायरशी त्यांचा संबंध नाही. हेमंतभाईंना एक कल्पना सुचली. दर रविवारी एकाच्या घरी जायचं, त्याच्या सायकलला ही पॅडल लावायची, आणि कुणाचा ट्रेनर किती खरं बोलतो ते बघायचं. नंतर तिथेच लोचोचा नाश्ता. दोन घरं झाली. दोघांचेही ट्रेनर थोडं वाढवून सांगत होते, त्यावर ग्रुपवर आठवडाभर थट्टा चालली. मग हेमंतभाईंचा फोन आला. "भाऊ, आवते रविवारे तमारो वारो."

माझा वारो. माझी पाळी.

फोन ठेवल्यावर मी आधी जाऊन ट्रेनरवर चादर टाकली. तुम्हाला हसू येईल. साठीला टेकलेला माणूस, सायकलच्या आकड्यासाठी एवढा घाबरतो? पण माझ्याकडे दुसरं काय होतं? नोकरी संपली होती. एक ओळख उरली होती — हा माणूस चुकीचा आकडा जाऊ देत नाही. चार तरुण पोरांसमोर, नाश्त्याच्या बशा हातात घेऊन, ती ओळख जाणार होती.

शुक्रवारी दुपारी घरी कुणी नव्हतं. मी हवा तपासली, मूठ सोडून पुन्हा मोजून पिळली, टायर गरम केला, वेग घेतला, पाय थांबवले. चाक शांतपणे, लांबत लांबत थांबलं. कॅलिब्रेशन झालं. मशीन खरं बोलायला लागलं.

इथे मला थांबावंसं वाटतं. कारण आतापर्यंत जे सांगितलं ते मी एखाद्या मित्राला हसत हसत सांगू शकलो असतो. यापुढचं नाही.

पेपरात एक नियम असतो. चुकीचा आकडा छापून गेला तर दुसऱ्या दिवशी नुसता बरोबर आकडा छापून भागत नाही. काल आम्ही अमुक छापलं होतं, ते चूक होतं, हे लिहावं लागतं. कारण कालच्या आकड्यावर कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं. हा नियम मी नव्या पोरांना शिकवलेला आहे. गुपचूप दुरुस्ती ही चुकीपेक्षा वाईट, हे वाक्यसुद्धा माझंच आहे.

आणि चाक थांबत होतं तेव्हा मला बापू आठवला का? हेच विचाराल ना तुम्ही? विसरलो होतो, असं म्हणता आलं असतं तर हे लिहावंच लागलं नसतं. मला आठवला. तो सोमवारी येणार होता. त्याच्या बोटांना गिअर पाठ होते, डोळ्यांना दीडशे पाठ होते. आता तो दीडशे गाठायला जाईल तेव्हा ते खरे दीडशे असतील — काल होते त्यापेक्षा पंचवीस वॉट एकदम जास्त, जाळ्या बसवलेल्या हृदयावर. बाई त्याला एवढी चढण महिना-दीड महिन्यात देत होत्या. हे सगळं मला सायकलवर बसल्या बसल्या दिसलं. मी ठरवलं, सोमवारी काहीतरी सांगून त्याला कमी ठेवायला लावू. काय सांगायचं ते नंतर बघू.

रविवार छान झाला. हेमंतभाईंची पॅडल आणि माझं मशीन, दोन्ही आकडे जोडीने चालले. कुणीतरी म्हणालं, "पेपरवाले का मशीन है, गलत कैसे होगा." आधीच्या फोटोंपेक्षा माझा स्वतःचा आकडा घसरलेला सगळ्यांना दिसला. मी म्हणालो, गेल्या आठवड्यात ताप होता. पोरांनी मला काळजी घ्यायला सांगितली.

सोमवारी बापू आला. मी म्हणालो, "आज एकशे वीसच ठेव."

"का बरं?"

"सहज. आराम दे पायांना."

"आराम मंगयवारले," तो म्हणाला आणि गिअर टाकला. मंगळवारी त्याची सुट्टीच असायची. मी पुढे बोललो नाही. बोलायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि बापूला कारण दिलं की ते दुपारपर्यंत मार्केटात आणि रात्रीपर्यंत हेमंतभाईंकडे पोचलं असतं. हेमंतभाईंचा भाचा त्याचं गिऱ्हाईक होता. इतका बारीक हिशेब मी तेवढ्या वेळात केला.

तो बोलत होता. एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगत होता. वाक्य मध्येच थांबलं. त्याने श्वास घेतला, पुढचे दोन शब्द बोलला, पुन्हा श्वास घेतला. मग गोष्ट सोडून दिली. हँडलवरची बोटं पांढरी पडली. त्याने आकड्याकडे पाहिलं — दीडशे. माझ्याकडे पाहिलं. मी आकड्याकडे पाहिलं. खोलीत नुसता रोलरचा आवाज. त्या घरात सायकलवर बसलेला बापू आणि एवढी शांतता, असं आधी कधीच झालं नव्हतं.

"झोप व्हयनी नही," उतरताना तो म्हणाला. मी मान हलवली.

त्यानंतर तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा मी समोरच्या खुर्चीवर होतो. मनात एकच, आज इथेच काही झालं तर? हातातला रिमोट मी घट्ट धरून ठेवायचो, जणू तो दाबला की सगळं थांबेल. पंख्याचा होता तो. दोन्ही वेळा बापू मुकाट्याने दीडशेवर चालवत राहिला, कारण दीडशे त्याने आधी हसत चालवले होते, आणि जमत नाही हे भावासमोर कबूल करणं त्याला जड होतं. मी गप्प होतो माझ्या भीतीने, तो त्याच्या. दोघांच्या मध्ये तो आकडा — अगदी बरोबर.

दुसऱ्या खेपेनंतर त्याच्या बायकोचा, ज्योतीचा फोन आला. "भाऊ, हे घरी येऊन नुसते पडून राहतात. मशीनवर पूर्वीएवढंच चालवतात ना?"

"हो. तेवढंच. दीडशे."

"मशीनचं काही बिघडलं तर नसेल?"

मी म्हणालो, "मशीन बरोबर आहे."

या वाक्यात एकही खोटा शब्द नाही. कितीतरी वेळा मी ते तपासलेलं आहे. माझ्या आयुष्यात मी याहून मोठी थाप मारलेली नाही.

मग डॉक्टर. मी बरोबर गेलो होतो. जाणार नाही असं कसं होईल? बापूने सांगितलं, तेवढाच भार, पण आता दम लागतो, बोलता येत नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्याच भाराला आधी लागत नव्हता तो दम आता लागत असेल, तर जाळी पुन्हा बंद होत असू शकते, असं ते म्हणाले. पण मशीनचा भरोसा आहे का?

बापू माझ्या आधी बोलला. "भाऊ पेपर में थे, साहेब. एक मात्रा इधर की उधर नहीं होने देते."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं की मशीन नियमित तपासतो, आणि नुकतंच दुसऱ्या मीटरशी ताडूनही पाहिलंय. तेही खरं होतं. डॉक्टरांनी पुन्हा अँजिओग्राफी करायचं ठरवलं. मनगटातून नळी घालून हृदयापर्यंत न्यायची. धोका कमी असतो, पण असतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ज्योतीने सही केली. कागद सरकू नये म्हणून तो मी धरला.

त्याला आत नेलं तेव्हा दार बंद व्हायला थोडा वेळ लागला. स्ट्रेचर उंबऱ्यावर अडलं होतं. एक वाक्य पुरेसं होतं — डॉक्टर, थांबा, मागच्या आठवड्यापर्यंत मशीन जास्त दाखवत होतं. बापूने पडल्या पडल्या मला अंगठा दाखवला. मीही दाखवला. दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर मी जितका घाबरलो होतो तितका कधीच घाबरलेलो नाही. आत काही झालं तर तो मरेल, ही भीती होतीच. पण तिच्या खाली आणखी एक होती, ती सांगतो. तो मेला तर कुणालाही कधीच काही कळणार नाही, हेही माझ्या मनात आलं. आलं आणि क्षणभर टेकलं. बाजूला ज्योती डोळे मिटून पुटपुटत होती.

जाळ्या उघड्या होत्या. नवीन काहीच नव्हतं. ज्योती रडली, मी सगळ्यांसाठी चहा आणला. पण बापूने बाहेर आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, मग दम का लागतो? डॉक्टर म्हणाले, कधी कधी अगदी बारीक नसांमध्ये असतं, ते यात दिसत नाही. संभलके रहिए. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या हातात मी दिलेले आकडे होते.

बापूने त्यातलं एवढंच उचललं — आत काहीतरी आहे आणि ते दिसत नाही.

तो पुन्हा सायकलवर बसला नाही. बाईंनी बोलावलं, गेला नाही. वरच्या मजल्यावरचं गोडाऊन त्याने सोडून दिलं. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी तो दुकानातच जात नाही. शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते, आणि बोलता बोलता हात तिथे जाऊन येतो. बोलणंही मोजकं झालं. जास्त बोललं की दम जातो असं त्याने ठरवलंय. मार्केटातली माणसं मला भेटली की विचारतात, बापूंना काय झालंय? मी सांगतो, हार्टचं आहे. या गोष्टीला आता काही वर्षं झाली.

मधल्या काळात मी कधीही सांगू शकलो असतो. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर तो चार शिव्या देऊन पुन्हा सायकलवर चढला असता. वर्षाने सांगितलं असतं तर शिव्या जास्त पडल्या असत्या. दर वर्षी ते सांगणं जड होत गेलं, कारण दर वर्षी त्याने आणखी काहीतरी सोडलेलं होतं. आता मला त्याच्या रागाची भीती वाटत नाही. तो खूश होईल, याची वाटते. म्हणेल, म्हणजे मला काहीच झालेलं नाही? उठून उभा राहील, कदाचित जिन्याने वर जाऊन बघेल. आणि वर पोचल्यावर, श्वास नीट चाललाय हे कळल्यावर, तो खाली माझ्याकडे बघेल.

गेल्या थंडीत त्याच्या मुलीचं, कोमलचं लग्न झालं. पर्वत पाटियाच्या एका वाडीत, म्हणजे लग्नाच्या हॉलात, हळद होती. आमच्याकडे हळदीला घरचे सगळे नाचतात, म्हातारी माणसंसुद्धा, आणि पूर्वी सगळ्यांत आधी बापू नाचायचा. बँड सुरू झाला. कोमलने हळदीच्या हातांनी बापाला मध्ये ओढलं. तो गेला. दोन पावलं टाकली, एक हात वर केला, आणि दुसरा हात खिशाकडे गेला. तो थांबला. भोवतीची माणसंही थांबली. बँडवाल्यांनी आवाज कमी केला. कोमलचं तोंड उतरलं. "पप्पा, रहने दो," ती म्हणाली.

बापू माणसांमध्ये कुणालातरी शोधत होता. त्याला मी दिसलो.

त्या मांडवात दीड-दोनशे माणसं असतील. तो नाचू शकतो हे त्यांतल्या एकालाच माहीत होतं. मी उठलो. भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक रचून ठेवल्या होत्या, त्यांतली वरची सोडवून घेतली, रुमालाने पुसली, त्याच्या मागे नेऊन ठेवली आणि दंडाला धरून त्याला बसवलं.

"तुलेच कयस, भाऊ," तो म्हणाला. तुलाच कळतं.

बँड पुन्हा मोठ्याने वाजायला लागला. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिथेच उभा राहिलो.